कन्फर्म नाही

क्यूसी काकांनी आजवर कुणाला पक्षी दाखवल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी नापास केलेले पक्षी मात्र निम्म्या सिल्वासाने पाहिले आहेत.

एरवी पक्षी दाखवणारी माणसं मोठी उदार असतात. झाडात पान हललं की त्यांच्या तोंडातून नाव निघतं; पान हललं नाही तरी निघतं. "तो बघा, तो बघा... गेला!" असं करत ती सकाळभरात आपल्याला चाळीस पक्षी दाखवतात. त्यातला एकही आपल्याला दिसलेला नसतो, तरी चाळीस पाहिल्याचं समाधान घेऊन आपण घरी येतो आणि दुपारी गाढ झोपतो. काकांचा हात याबाबतीत फार आखडता. त्यांच्याबरोबर गेलेला माणूस पाऊण तास एका पांढऱ्या पक्ष्यासमोर उभा राहतो, आणि पाऊण तासाने त्याला सांगण्यात येतं, "बगळा हाय असं धरून चाला. कुठला, ते कन्फर्म नाही."

काका मूळचे इचलकरंजीचे. उद्योगांना करसवलती होत्या त्या काळात माणसं जशी कुठून कुठून सिल्वासात आली, तसे तेही आले. हायवे सोडून भिलाडला किंवा वापीला आत वळलं की तेव्हा रोज एक नवीन शेड उभी राहिलेली दिसायची. त्यातल्याच एका शेडमध्ये पॉलिएस्टरचं सूत तयार होई आणि ते तपासून बाहेर सोडायचं काम काकांकडे होतं. क्वालिटी कंट्रोल. बाहेरच्याला वाटतं पांढरं सूत ते पांढरं सूत, त्यात तपासायचं काय? काकांसमोर हे चुकूनही बोलू नये. दोन बॉबिनमधला पांढरा सारखा दिसतो, पण रंग चढवला की एक बॉबिन जास्त रंग पिते आणि दुसरी कमी. मग कापडावर पट्टा येतो, आणि सुरतेचा नाहीतर भिवंडीचा व्यापारी सगळा माल परत पाठवतो. म्हणून सुताची नळी विणायची, ती रंगवायची, उजेडात धरायची आणि डोळे बारीक करून बघायची. पट्टा दिसला, रिजेक्ट. नाही दिसला, पास. दिसल्यासारखा वाटला, होल्ड. काकांच्या हयातीतला बराचसा काळ या 'दिसल्यासारखा वाटला'त गेला आहे.

कंपनीत त्यांच्यावर कुणाचं फार प्रेम होतं असं नाही. ऐन दिवाळीच्या तोंडावर लादून तयार झालेला ट्रक त्यांनी पुन्हा उतरवायला लावला होता, ही कथा अजून सांगितली जाते. सांगणारे हमाल असले तर काका त्यात खलनायक असतात, व्यापारी असले तर संत. घरात मात्र एकमत होतं. त्यांनी आणलेली भाजी उत्तम असे, पण ती आणायला दीड तास लागे. धाकट्या मेहुण्यासाठी स्थळं बघायला काकांना बरोबर नेण्याची चूक सासरच्यांनी एकदाच केली. मुलगी, मुलीचे वडील आणि पोहे, तिन्ही होल्डवर ठेवून काका परतले होते. पुढे ते लग्न झालं ते काका गावी गेलेले बघून.

असा माणूस निवृत्त झाला. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं म्हणून दमणगंगेच्या काठाने चालू लागला, आणि तिथे त्याला दोन पांढरे पक्षी दिसले. सारखेच दिसणारे. काकांनी डोळे बारीक केले. एकाची चोच काळी होती, दुसऱ्याची पिवळी. काठावर मासे धरत बसलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "हे दोन एकच का?" तो म्हणाला, "बगळाच ना दोन्ही." एवढंच निमित्त. सहा महिन्यांत काकांच्या घरात सालिम अलींचं पुस्तक आलं, चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आला, दुर्बीण आली, आणि शेवटी तिपाईवर बसवायचा तो मोठा स्कोपही आला, ज्याच्या किमतीबद्दल काकू अजून एक अक्षर बोलत नाहीत. वही मात्र जुनीच राहिली. कंपनीतून निघताना उरलेले तपासणीचे कोरे तक्ते त्यांनी घरी आणले होते. त्यात 'लॉट नंबर'च्या रकान्यात आता ठिकाण येतं, 'शेड'च्या रकान्यात पिसांचा रंग, आणि शेवटचा रकाना आहे तसाच आहे. पास, रिजेक्ट, होल्ड.

आता हे सगळं सिल्वासात चाललं होतं तोवर ठीक होतं. पण सिल्वासाला मध्येच समुद्र मिळाला. त्याचं असं झालं, की आमचा मुलूख आधीपासूनच देण्याघेण्यातला. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या सांताना नावाच्या जहाजाची वाट लावली आणि त्याची भरपाई म्हणून पुण्याच्या दरबाराने १७८३ मध्ये नगर हवेलीचा वसूल पोर्तुगीजांच्या हवाली केला. काका याला 'क्लेम सेटलमेंट' म्हणतात, आणि माल न तपासता क्लेम मान्य केल्याबद्दल पेशव्यांच्या कारभाऱ्यांना अजून माफ करत नाहीत. १९५४ च्या ऑगस्टात हा प्रदेश मोकळा झाला, १९६१ मध्ये रीतसर भारतात आला, आणि २६ जानेवारी २०२० रोजी दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव हे दोन्ही केंद्रशासित प्रदेश एकत्र करण्यात आले. पत्ता लिहिताना पाकिटावर तिकिटाला जागा उरेना. लोकांना कचेरीच्या कामाला दमणला खेटे घालावे लागू लागले. काकांच्या हिशेबाने मात्र त्या दिवशी एकच गोष्ट घडली. आपल्या प्रदेशाच्या यादीत समुद्रपक्षी आले.

म्हणून यंदा मे महिन्यात मंडळाच्या सभेत गणपतीच्या वर्गणीचा विषय संपल्यावर कुणीतरी म्हणालं, काकांबरोबर एकदा दमणला जाऊ या, समुद्रावर पक्षी बघायला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी नाही वाजवल्या. त्यांनी खिशातून कॅलेंडर काढलं.

"रविवारी नको," ते म्हणाले. "रविवारी पौर्णिमेचं उधाण हाय. सकाळी ओहोटी असणार. पाणी लांब जाईल, पाण्याबरोबर पक्षी लांब जातील. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा जाऊ. पाणी फार आत जात नाही. शिवाय मे महिना. हिवाळ्यातले पाहुणे सगळे परत गेले. आता राहिलेत ते इथले, आणि ज्यांचं अजून लग्नाचं वय झालं नाही म्हणून वर न जाता इथंच उनाडतायत ते."

शेवटचं वाक्य खरं तर त्या सभेतलं सर्वांत महत्त्वाचं होतं. सैबेरियात, तिबेटच्या पठारावर घरटी करायला जाणाऱ्या चिखल्यांतली पहिल्या वर्षाची पोरं बऱ्याचदा उन्हाळाभर आपल्याच किनाऱ्यावर राहतात. जाऊन करायचं काय, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. पण सभेला त्यात रस नव्हता. अष्टमी सोमवारी येत होती. सोमवारी बँकेतल्या साहेबांना बँक होती, वहिनींना शिवणक्लास होता. चंद्राने सुट्टीचा विचार करायला हवा होता, असं सर्वानुमते ठरलं आणि रविवार पक्का झाला.

पहाटे पाचला दोन गाड्या निघाल्या. आम्ही नऊ जण आणि स्कोप. स्कोपला पुढची सीट. निघता निघता कोपऱ्यावरच्या आंब्यातून पावशा ओरडायला लागला, तो तारसप्तकात चढत चाललेला 'पेरते व्हा, पेरते व्हा'. पुण्याहून सुट्टीला आलेला वहिनींचा भाचा उत्साहाने म्हणाला, "काका, पहिला पक्षी! लिहा!"

"ऐकला," काका म्हणाले. "बघितला नाही. वेगळ्या रकान्यात जाईल."

"पण आवाज तर त्याचाच आहे ना?"

"तुझा आवाज फोनवर तुझ्या बापासारखा येतो. मग काय करायचं?"

पोरगा गप्प झाला आणि फोनमध्ये डोकं घालून बसला. तिथेच दोघांतलं युद्ध सुरू झालं, कारण त्या फोनमध्ये आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं अ‍ॅप होतं, आणि ते अ‍ॅप काकांच्या अगदी उलट्या स्वभावाचं होतं.

वापी ओलांडून दमणमध्ये शिरलो तेव्हा उजाडलं होतं. जामपोरच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत गाड्या लावल्या. खाली उतरून पाहतो तो समुद्र नाही. म्हणजे होता, क्षितिजाच्या अलीकडे एक चकाकती रेघ दिसत होती, तो समुद्र असावा. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असलेला हा किनारा, इथे उधाणाची ओहोटी लागली की पाणी इतकं मागे जातं, की नवख्याला वाटावं कुणीतरी उचलून नेलं. मध्ये सगळी काळपट ओली वाळू आणि चिखल, आणि त्या चिखलावर लांब लांब ठिपके.

"ते पक्षी का?" बँकेतल्या साहेबांनी विचारलं.

"ते ठिपके," काका म्हणाले.

आपण भांगाला आलो असतो तर, हे ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. न बोलण्याने ते वाक्य सकाळभर आमच्याबरोबर फिरलं.

पहिला अर्धा तास मात्र बरा गेला. किनाऱ्यालगत एक तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची घार खाली उतरली. "ब्राह्मणी घार," काका म्हणाले, आणि दम घेऊन म्हणाले, "पास!" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी गरुड म्हणून हात जोडले. लगेच दुसरी एक घार आली, सगळी तपकिरी. "हीसुद्धा!" भाचा ओरडला. काकांनी मान हलवली. "ब्राह्मणीचं पिल्लू तपकिरीच असतं, आणि साधी घारही तपकिरी. शेपटी बघायची. साध्या घारीच्या शेपटीला खाच असते, हिची गोल. तुला शेपटी दिसली?" नव्हती दिसली. "होल्ड."

मग तो बगळा आला.

या बगळ्याबद्दल सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण त्या सकाळचा मुख्य भाग तोच होता. समुद्री बगळा नावाचा पक्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर राहतो. बहुतेक बगळे पाण्यात ध्यानस्थ उभे राहतात, हा तसा नाही; हा पळतो, वळतो, पंख अर्धे उघडतो, भरतीच्या पाण्यात माशांमागे धावतो. त्याची गंमत ही, की तो दोन रंगांत येतो. काही गडद राखाडी, गळ्यावर पांढरा ठिपका. काही पूर्ण पांढरे. एकाच जातीचे, एकाच वसाहतीत वाढलेले. शेड व्हेरिएशन शोधून काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसासमोर निसर्गाने एकाच लॉटमध्ये दोन शेड ठेवले, आणि वर सांगितलं, हे दोन्ही पास. काकांना हे पचवायला म्हणे एक पावसाळा लागला.

त्या दिवशी आधी राखाडी आला. "समुद्री बगळा," काका म्हणाले, अगदी मोकळ्या मनाने. "पास." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एकाच सकाळी दोन पक्षी पास होत होते. काकांची तब्येत बरी आहे ना?

मग त्याच्या शेजारी पांढरा येऊन बसला. "हाही समुद्री बगळा, पांढरा शेड!" भाच्याने वाचून ठेवलं होतं.

काकांनी स्कोपला डोळा लावला आणि जग थांबलं.

अडचण अशी, की पांढरा समुद्री बगळा आणि गावातला आपला लहान बगळा यांच्यात फरक चोचीचा. लहान बगळ्याची चोच काळी, सडपातळ. समुद्रीची जाडसर, पिवळट, टोकाला किंचित झुकलेली. पण हे झालं पुस्तकातलं. विणीच्या दिवसांत चोचीचा, पायांचा रंग बदलतो, आणि मे म्हणजे तेच दिवस. शिवाय पक्षी चिखलात चोच खुपसतो, मग सगळ्यांच्याच चोची काळ्या. आणि त्यावर कहर म्हणजे या दोन जातींचा संकरही होतो, पश्चिम किनाऱ्यावर तशा नोंदी आहेत. काकांनी हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं, तेवढ्यात बगळ्याने चार मासे खाल्ले.

"मग काय लिहायचं?" साहेब म्हणाले. त्यांना यादी हवी होती. बँकेत हयात गेलेल्या माणसाला बेरीज लागते.

"थांबा की. चोच धुतली की बघू."

बगळा चोच धुवेना. ऊन चढायला लागलं. किनाऱ्यावर उंटवाला आला, त्याच्यामागे मोठमोठ्याने गाणी लावलेली एक जीप आली. आम्ही नऊ माणसं ओळीत उभी राहून दुर्बिणी लावून एका दिशेला बघतोय हे पाहून चिखलातून टोपली घेऊन येणारी एक कोळीण थांबली, तिने आमच्या नजरेच्या रोखाने पाहिलं, काही दिसलं नाही, आणि मोठ्या आपुलकीने तिने विचारलं, "शुं खोवायुं, काका?"

"चोच," वहिनी म्हणाल्या.

इथे भाच्याच्या संयमाचा बांध फुटला. त्याने फोन हवेत धरला. अ‍ॅपने ऐकायला सुरुवात केली आणि पंधरा सेकंदांत तीन नावं दिली. तिन्ही पक्षी समुद्रकिनाऱ्यावर सापडणारे, दिसायला सुंदर. पोरगा विजयी मुद्रेने काकांसमोर आला. काकांनी चष्मा काढून पडद्यावर पाहिलं, मग कान देऊन आजूबाजूला पाहिलं आणि बोट केलं. उंटवाला उंटाला हाक मारत होता, तोंडाने चक चक आवाज काढत. हाक मारली की फोनवर एक नाव उजळे. गप्प झाला की विझे. दुसऱ्या नावाचा उगम शोधायला जास्त वेळ लागला; तो कुल्फीच्या गाडीच्या एका चाकाचा दांडा होता. तिसरं नाव मात्र शेवटपर्यंत कुणाच्या नावावर चढलं नाही, आणि काकांनी ते प्रामाणिकपणे होल्डवर ठेवलं. "यंत्र चुकलंच असं नाही म्हणत मी," ते म्हणाले. "असेलही कुणीतरी तिकडं."

मला वाटतं, हाच काकांचा खरा स्वभाव. लोक त्यांना किरकिरे म्हणतात. पण किरकिऱ्या माणसाला दुसऱ्याला खोटं पाडण्यात आनंद असतो. काकांना अ‍ॅपला खोटं पाडायचंच नव्हतं. त्यांना फक्त न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं नव्हतं. आम्ही बाकीचे आठ जण मात्र त्या सकाळी काहीही म्हणायला तयार होतो. साहेबांनी तर दोन वेळा सुचवलं, की बगळा समुद्रावर आहे म्हणजे समुद्री धरायला काय हरकत आहे? काकांनी त्यांच्याकडे, दिवाळीच्या तोंडावर मालकाकडे पाहिलं असेल तसं पाहिलं.

ठिपक्यांचं काय झालं, तेही सांगतो. आम्ही चिखलातून अर्धा फर्लांग पुढे गेलो आणि ठिपक्यांना पाय फुटले. छोटे, गोल डोक्याचे, धावायचे, थांबायचे, पुन्हा धावायचे. "चिखल्या," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनं दुःख उमटलं. हे दुःख २०२३ सालचं. तोवर काकांच्या वहीत एक लहान चिखल्या पास झालेला होता, पुष्कळ मेहनतीने. २०२३ मध्ये पक्षीशास्त्रज्ञांनी त्याच्या दोन जाती केल्या, एक सैबेरियाचा आणि एक तिबेटचा. आपल्याकडे येतो तो बहुतेक तिबेटचा, त्यामुळे बाकीच्या लोकांनी वहीत नाव बदललं आणि झोपले. काकांना 'बहुतेक' चालत नाही. पास होऊन बाहेर गेलेला माल त्यांनी परत बोलावला. जुन्या सगळ्या नोंदी खोडून पुन्हा होल्ड. काकू सांगतात, त्या आठवड्यात त्यांनी आमटीला नावं ठेवली नाहीत, इतके ते खचले होते.

परतताना सुरूच्या मागच्या मोकळ्या जागेत टिटव्यांनी डोक्यावर घिरट्या घालून एकच कालवा केला. भाचा फोन घेऊन धावला, कारण टिटवी आरडाओरडा करते म्हणजे जवळ अंडी असणार हे त्याला माहीत होतं. हुशार पोरगा आहे. काकांनी त्याला हाताला धरून थांबवलं. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, खड्यांच्या रंगाची, पायाखाली आली तरी कळणार नाहीत अशी. आपण उभे राहिलो तेवढा वेळ ती अंड्यांवर बसत नाही आणि वर ऊन असतं. काका हे नेहमीच्या आवाजात बोलले नाहीत. त्यांनी आम्हा सगळ्यांना लांबचा वळसा घ्यायला लावला, वाळूतून, काट्यांतून, वहिनींची चप्पल तुटली तरी. "काका, अंडी बघितली नाहीत, मग टिटवी पास कशी?" भाच्याने सूड घेतला. "आईला कुठं कन्फर्म करायचं असतं रे?" काका म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला पुढे वही बघायला मिळाली तेव्हा तिथे ठिकाण नव्हतं लिहिलेलं. ते मुद्दाम वगळलं होतं, कुणी शोधत येऊ नये म्हणून.

नऊ वाजता काकांनी लॅब बंद केली. ओल्या वाळूवरून हवा तापून थरथरायला लागली की स्कोपमधून बघण्यात अर्थ नसतो. जितकं मोठं करून बघावं तितका पक्षी वितळतो, पाय कुठे, चोच कुठे पत्ता लागत नाही. उदार लोक याच हवेत उत्तमोत्तम पक्षी पाहतात.

सुरूखाली बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. रस्त्याकडेला ताडगोळेवाला बसला होता. काकांनी ताडगोळे निवडायला घेतले, आणि आम्ही घड्याळाकडे पाहून उसासा टाकला. पण आश्चर्य, बोटाने हलकेच दाबत त्यांनी दोन डझन ताडगोळे तीन मिनिटांत निवडले. एकही निबर निघाला नाही. साहेबांनी स्वतः निवडलेल्या अर्ध्या डझनातले चार निबर निघाले. ते त्यांनी चावून चावून खाल्ले, कारण पैसे दिले होते.

मग यादी झाली. पास: ब्राह्मणी घार, समुद्री बगळा राखाडी, पाठीवर मेचा तांबडा रंग चढलेला वंचक, डोकं नारिंगी झालेले गायबगळे, खंड्या, टिटवी. बाकी होल्ड. साहेबांनी बेरीज केली. सहा. "शेजारच्या कॉलनीचे लोक हिवाळ्यात आले होते, त्यांना बावन्न दिसले," ते म्हणाले. "दिसले असतील," काका म्हणाले, आणि त्यांच्या 'असतील'मधून बावन्नपैकी शेहेचाळीस गळून पडलेले आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

परतीच्या वाटेवर दमणची हद्द संपून गुजरात लागतं तिथे तपासणी नाका आहे. दमणमध्ये दारू मिळते, गुजरातेत बंदी. सिल्वासात पुन्हा मिळते. त्यामुळे दमणहून सिल्वासाला येणारा माणूस दोन ओल्या प्रदेशांच्या मधला कोरडा पट्टा ओलांडत असतो आणि हवालदार त्याच्याकडे त्या नजरेने बघतो. आमच्या पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली, काळ्या पिशवीतली, हातभर लांब नळकांडी होती. हवालदाराचा चेहरा खुलला.

"आमां शुं छे?"

"स्कोप हाय," काका म्हणाले. "पक्षी बघायचा."

असली उत्तरं त्याने ऐकलेली असणार. त्याने पिशवी उघडायला लावली. स्कोप निघाला, तिपाई निघाली. त्याने नळीत डोकावलं, हुंगून पाहिलं, झाकण फिरवून पाहिलं. काकांच्या अंगातला तपासनीस हे सगळं पसंतीने बघत होता. एका सच्च्या तपासनिसाला दुसरा भेटला होता. "असं नाही," ते म्हणाले, "लावूनच बघा की," आणि रस्त्याच्या कडेला त्यांनी तिपाई उभी केली. समोरच्या दिव्याच्या खांबावर एक कावळा बसला होता. हवालदाराने टोपी मागे सारून डोळा लावला.

"अरे!" तो म्हणाला. "कागडो!"

"कावळा हे झालं," काका म्हणाले. "पण कुठला?"

"कागडो एटले कागडो."

"तसं नसतं. गावकावळ्याची मान राखाडी. डोमकावळा सगळा काळा. आता उजेड त्याच्या पाठीमागून येतोय, म्हणून दोघंही काळेच दिसणार. त्याला मान वळवू द्या."

हवालदाराने पुन्हा डोळा लावला. गाडीत आम्ही घामाने निथळत होतो. साहेबांच्या मांडीवर उरलेले ताडगोळे पाझरत होते. मागे एक गाडी, दुसरी गाडी, एक टेम्पो, अशी रांग वाढत चालली होती.

"राखोडी लागे छे," हवालदार बऱ्याच वेळाने म्हणाला.

"वाटते म्हणजे कन्फर्म नाही."

हवालदाराने गुडघे वाकवले, कोपर तिपाईवर टेकवलं आणि एक डोळा घट्ट मिटला. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. हवालदाराने स्कोपवरचा डोळा न काढता हात वर केला आणि ओरडला, "ए भाई, हॉर्न ना मार! कागडो उडी जशे!"